कोपराखालची दोन बोटं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझ्या धाकट्या दिरावर तर त्याहून नाही.

आणि म्हणूनच ही गोष्ट खरी आहे, असं मी छातीठोकपणे सांगते. हा माणूस खोटं बोलतो ते फक्त स्वतःला मोठं करायला. स्वतःची एवढी शोभा करून घेणारी थाप तो जन्मात मारणार नाही. शिवाय यातला काही भाग मी स्वतः पाहिलाय, चष्मा लावून, पहिल्या रांगेत बसून.

दिवस मंगळवार. गेल्या वर्षीचा एप्रिल. दुपारचे सव्वादोन.

हो, दुपारचे. मध्यरात्र नव्हती, वारा घोंघावत नव्हता, कुत्रं रडत नव्हतं. पत्र्याच्या छपराचा एक बास्केटबॉलचा हॉल, उन्हाने तापलेला. दाराला आतून कडी. आणि आत आमचे भावोजी, एकटे...

निदान त्यांना तरी तसं वाटत होतं.

भावोजी काय चीज आहे ते आधी सांगते. वय एक्केचाळीस. कॉलेजात बास्केटबॉल खेळायचे. तीन कप मिळाले. ते आमच्या बैठकीतल्या कपाटात आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दाखवले जातात. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तरी त्याला सुटका नाही. पुढे गुडघा गेला, खेळ गेला, ऐट तेवढी शिल्लक राहिली. लग्न जमलं नाही, नोकरी टिकली नाही. दोन वर्षं आमच्या सोफ्यावर आडवे होते. सोफ्याला त्यांच्या आकाराचा खड्डा पडलाय.

आमच्या भागातल्या क्लबात तीस वर्षं एकच सर बास्केटबॉल शिकवायचे. मुलं त्यांना कोपरसर म्हणायची, कारण त्यांच्या तोंडी दुसरा शब्दच नसे. "कोपर. कोपर आत. कोपर."

नवं कुणी आलं की ते त्याला रिंगपासून एका पावलावर उभं करत. तिथे जमिनीवर पिवळ्या रंगाने दोन पावलं काढलेली होती, त्यांवर. डावा हात पाठीमागे. बॉल उजव्या हाताच्या बोटांवर, तळव्याला चिकटता कामा नये. कोपर बॉलच्या बरोबर खाली. गुडघे वाकवायचे, हात सरळ वर न्यायचा, शेवटी मनगट पुढे झुकवायचं. आणि बॉल जमिनीवर पडेपर्यंत हात वरच ठेवायचा. बॉल आत गेला पण हात आधी खाली आला, तर तो शॉट ते धरत नसत.

एवढंच. महिनोन् महिने एवढंच.

बोटांना खडू लावायला सांगत, म्हणजे बॉलवर ठसा उमटे. पाच बोटं उमटली आणि मधे तळव्याची जागा कोरी राहिली, की हात बसला म्हणायचं. आणि शिकवताना ते कुणाचा हात धरून ओढत नसत. मागे उभे राहत आणि दोन बोटं कोपराखाली नुसती टेकवत. कोपर आपोआप जागेवर यायचं म्हणे.

भावोजी पंधरा वर्षांचे असताना याच सरांकडे होते.

अकरा दिवस.

बाराव्या दिवशी या शहाण्याने सरांची पाठ वळलेली बघून मैदानाच्या मधोमध उभं राहून दोन्ही हातांनी बॉल भिरकावला. गेला बरोबर आत! पोरांनी टाळ्या पिटल्या. भावोजी छाती काढून सरांकडे बघायला लागले, शाबासकीची वाट बघत.

सरांनी नाकातून एवढंच केलं. "हं."

मग सगळ्यांसमोर म्हणाले, "याचा हात खोटा आहे. बॉल आत गेला, हा बॉलचा चांगुलपणा."

त्याला आता सव्वीस वर्षं झाली. भावोजी आईचा वाढदिवस विसरतात, पण हे वाक्य विसरले नाहीत.

गेल्या वर्षी जानेवारीत कोपरसर वारले. दवाखान्यात, फुप्फुसाच्या आजाराने, वय अठ्ठ्याहत्तर. त्यात गूढ काहीच नाही. आमच्या ह्यांनी क्लबच्या सेक्रेटरींना गळ घातली आणि भावोजींना सरांची जागा मिळाली. तीन महिन्यांसाठी, तात्पुरती. त्यानंतर बघू, कायम करायचं की नाही.

पहिल्या दिवशी भावोजींनी काय केलं असेल?

थिनरचा डबा नेला आणि ती पिवळी पावलं घासून काढली.

"हे बालवाडीचे खेळ आजपासून बंद," त्यांनी मुलींना सांगितलं. आता तिथे चौदा मुलीच येतात. त्यांना त्यांनी लांबून बॉल फेकायला लावला आणि मोबाईलवर त्याचे व्हिडिओ काढले. खडूचा डबा कचऱ्यात फेकला. घरी येऊन म्हणाले, "म्हाताऱ्याने तीस वर्षं नुसती कोपरं मोजली!"

तीन महिने होत आले तेव्हा सेक्रेटरींनी बोलावलं.

"तुमचं कायम करायचंय ना? मग महिनाअखेरच्या रविवारी पालकांसमोर दहा करून दाखवा."

"दहा काय?"

"एका पावलावरून, एका हाताने, सलग दहा. कोपरसरांचा नियम आहे. जो शिकवणार त्याने आधी करून दाखवायचं. तीनदा संधी मिळते. नाहीच जमलं तर त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आहे, तिला बोलावू."

भावोजी हसत हसत घरी आले. जेवताना मला म्हणाले, "एक पाऊल, वहिनी! अहो, एवढं तर तुम्हीसुद्धा टाकाल!"

'तुम्हीसुद्धा' म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. पानात भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, हॉल बंद असतो त्या वेळेला, ते एकटेच जाऊन करून बघायला लागले.

तीस टाकले. तीन गेले.

एका पावलावरून!

म्हणे रिंग ढिली आहे. म्हणे बोर्ड तिरका आहे. म्हणे बॉलमध्ये हवा जास्त भरलीय. नाचता येईना, अंगण वाकडं. खरी गोष्ट अशी, की हा माणूस आयुष्यभर दोन्ही हातांनी खांद्यावरून बॉल भिरकावत आला. लांबून टाकताना जोर लावला की चूक खपून जाते. जवळून खपत नाही. जवळ उभं राहिलं की हात उघडा पडतो.

आणि कुणाला विचारायची सोय नाही. विचारणार कुणाला? चौदा मुलींतल्या कोणत्याही मुलीला हे येत होतं. तिच्याकडून शिकायचं?

मग रोज दुपारी चोरून जायला लागले. आम्हाला सांगायचे, मीटिंग आहे. आणि होता होता तो मंगळवार उजाडला. रविवार बारा दिवसांवर आला होता.

त्या दिवशी त्यांनी आतून कडी लावली. पत्रा तापून तडतडत होता. वरच्या खिडक्यांच्या जाळीतून उन्हाचे चौकोन जमिनीवर पडले होते. बाकी चिटपाखरू नाही.

अठरा टाकले. एक गेला.

एकोणिसावा रिंगवर आपटला आणि उडून हॉलच्या पलीकडच्या टोकाला गेला, बाकांखाली, अंधारात. घरंगळला... मंद झाला... थांबला.

भावोजी गुडघ्याचा पट्टा आवळायला खाली वाकले.

टप्.

त्यांनी मान वर केली.

बाकांच्या बाजूला काही हललं नाही.

टप्... टप्...

सावकाश. एखादा माणूस दुसऱ्याला देण्याआधी बॉल हाताने दोनदा आपटून बघतो ना, तसा.

मग बाकांखालून बॉल बाहेर आला. सरळ रेषेत घरंगळत आला आणि भावोजींच्या पायाशी थांबला. बरोबर तिथे, जिथली पिवळी पावलं त्यांनी घासून काढली होती.

त्यांनी बॉल उचलला.

बॉलवर पांढरा ठसा होता... खडूचा. पाच बोटं. आणि मधे तळव्याची जागा स्वच्छ कोरी.

भावोजींनी स्वतःचे हात बघितले. घामाने निथळत होते. खडूचा कणही नाही.

"कोण आहे रे तिकडे?" ते ओरडले. "हे चाळे माझ्याशी नाही करायचे हं!"

हॉलने त्यांचाच आवाज त्यांना परत दिला.

लंगडत लंगडत ते बाकांपर्यंत गेले. वाकून बघितलं. धूळ, एक केसांचा चाप. बस्स.

बाहेर पायरीवर हॉल झाडणाऱ्या मावशी पाय पसरून बसल्या होत्या. भावोजी तरातरा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"मावशी, आत कुणाला सोडलंत?"

"किल्ली तुमच्याकडे, कडी आतून तुम्ही लावलेली, आणि विचारताय मला?"

"मुली अजून खडू वापरतात का?"

"डबा तर तुम्हीच फेकलात." मावशींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "पण रिंगखाली रोज पांढरं सांडलेलं असतं. मीच झाडते. मला वाटलं, तुम्ही चोरून शिकताय."

"मी? मी शिकतोय? मी शिकवतो!"

"बरोबर," मावशी म्हणाल्या. "न शिकताच."

दुसरा कुणी असता तर बुधवारी त्या हॉलकडे फिरकला नसता. भावोजी गेले. धाडसी आहेत म्हणून नाही, गैरसमज नको. त्यांना भूत आणि फजिती यांतलं एक निवडायचं होतं, आणि त्यांनी भूत निवडलं.

सव्वादोन वाजले होते. ते रिंगखाली उभे राहिले. बॉल नेहमीसारखा तळव्यात थापून घेतला. कोपर नेहमीसारखं बाहेर. हात वर न्यायला लागले...

...आणि कोपराखाली दोन बोटं टेकली.

थंड नव्हती. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. भुताचा स्पर्श बर्फासारखा असतो म्हणतात ना? ही बोटं कोमट होती. जिवंत माणसाच्या बोटांसारखी, जराशी खरखरीत. ढकलत नव्हती. नुसती टेकलेली होती.

मागे वळायची छाती होईना.

कोपर आत आलं. बॉल तळव्यावरून सरकून बोटांवर बसला. आपण टाकला असं त्यांना वाटलंच नाही. बॉल गेला. रिंगला न लागता जाळीतून खाली आला, जमिनीवर पडला.

त्यांचा हात अजून वरच होता.

बोटं निघून गेली. आणि उजव्या कानाच्या मागे, अगदी जवळ, कुणीतरी नाकातून...

"हं."

भावोजी तीन वाजता घरी आले आणि त्या उकाड्यात डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपले. मला वाटलं ऊन लागलं. मी कांदा फोडून नाकाशी धरला. त्याचेही त्यांना काही आभार वाटले नाहीत.

गुरुवारी पुन्हा गेले!

इथेच या माणसाची जात कळते. एकदा जीव वाचला म्हटल्यावर त्यांचं डोकं चालायला लागलं. भूत असेल तर असो, शिकवतंय ना? तेही गुपचूप, कुणाला न कळता. मग काय, रोज सव्वादोनला हजर. ना कधी नमस्कार, ना कधी 'सर' म्हणून हाक. रिंगखाली उभे राहायचे आणि हमालाला सांगावं तसं म्हणायचे, "चला, धरा."

आणि बोटं टेकायची.

रोज. एकही खाडा नाही. बोटांनी कधी घाई केली नाही की कंटाळा केला नाही. चुकलं की तेवढं एक "हं" यायचं. भावोजी सांगतात, त्या 'हं'मध्ये राग नसायचा. राग असता तर बरं वाटलं असतं. त्यात नुसती तुच्छता होती. चपलेला काही चिकटलं की माणूस ज्या नजरेने बघतो, ती.

आदल्या शनिवारी बोटं टेकली नाहीत तरी सलग दहा गेले.

भावोजींनी रिकाम्या हॉलकडे तोंड केलं. कमरेवर हात ठेवले.

"बघा! खोटा हात म्हणे! जमलं मला. आता उद्या तुम्ही यायचं काही कारण नाही. तुमचं काम संपलं."

गरज सरो, वैद्य मरो. मेलेल्या वैद्यालासुद्धा सोडलं नाही.

आणि मग खुशीत येऊन त्यांनी आणखी एक बॉल टाकला. अकरावा. छान गेला. जाळीचा आवाज आला, सर्र...

पण बॉल पडल्याचा आवाज आला नाही.

ते हात वर ठेवून उभे राहिले. वाट बघत.

जाळी हलत होती. जाळीखाली काहीच नव्हतं. जमिनीवर काही नाही. वर रिंगमध्ये काही नाही. पत्राही तडतडायचा थांबला होता.

किती वेळ गेला त्यांना सांगता येत नाही. शेवटी हात खाली घेतला आणि नजर कोपऱ्यातल्या जाळीच्या कपाटाकडे गेली. त्यात क्लबचे बॉल असतात. त्यांनी एकच बॉल बाहेर काढला होता, बाकी अकरा आत.

कपाटात बारा होते. कुलूप लागलेलं होतं. आणि बाराव्यावर पांढरी बोटं उमटलेली होती.

रविवारी मी गेले होते. आमच्या ह्यांना काम निघालं. घरातलं कुणीतरी हवं म्हणून मी. साठेक माणसं होती. आया कागदाच्या घड्या करून वारा घेत होत्या. मुली भिंतीला टेकून ओळीने बसल्या होत्या. भावोजी नवा पांढरा ट्रॅकसूट घालून आले. रात्रभर झोपले नव्हते हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, ऐट वाढली.

सेक्रेटरी म्हणाले, "करा सुरू."

पहिली संधी. पहिलाच बॉल बोर्डाच्या कडेला लागून सेक्रेटरींच्या मांडीवर.

लोक हसले.

दुसरी संधी. एक गेला. दोन गेले. तिसरा रिंगला लागून बाहेर. आता लोक मोकळेपणाने हसले. माझ्या मागे एक वडील म्हणाले, "हे तर माझी आठ वर्षांची करते." भिंतीजवळ दोन मुली एकमेकींना चिमटे काढत होत्या.

आणि खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. दोन वर्षं त्या सोफ्याची उशी सरळ करत आले होते मी.

तिसरी संधी. शेवटची.

भावोजी बॉल घेऊन उभे राहिले. चेहरा पिठासारखा पांढरा. ओठ हलत होते. काहीतरी पुटपुटत होते, पण ऐकू येईना.

"झोपले काय?" मागचे वडील म्हणाले.

ओठ पुन्हा हलले. थांबले. पुन्हा हलले.

मग भावोजी एकदम शहारले. त्यांचं कोपर आत सरकलं.

मी त्यांच्या उजव्या हाताला बसले होते, चार हातांवर. ट्रॅकसूटची बाही कोपराच्या वर सारलेली होती. कोपराच्या खाली, मांसात, दोन खळगे पडले होते. शेजारी शेजारी. कुणीतरी खालून बोटं टेकवल्यासारखे.

उजेडाचा खेळ असेल म्हणून मी चष्मा पुसला. पुन्हा घातला.

खळगे होते.

एक गेला. दोन. तीन. एकही रिंगला लागला नाही. पाच. सहा. आता कुणी हसत नव्हतं. मुली उठून उभ्या राहिल्या. आठ. नऊ.

दहा.

टाळ्यांनी पत्रा दणाणला. बॉल पडला, घरंगळत माझ्या पायाशी आला. भावोजींचा हात वरच होता. सेक्रेटरी अभिनंदन करायला पुढे आले तरी वरच. शेवटी त्यांनी भावोजींचा डावा हात ओढून हलवला.

त्याच संध्याकाळी मी ओट्याशी भांडी घासत होते. भावोजी येऊन दाराशी उभे राहिले. कधी नव्हे ते ताट स्वतः उचलून आणलं होतं. मंगळवारपासून सगळं त्यांनी तेव्हा सांगितलं.

"तिसऱ्या वेळेला पुटपुटत काय होतात?" मी विचारलं.

"म्हणालो, सर, या."

"आणि?"

"नाही आले. मग म्हणालो, चुकलो. तरी नाही आले." ते ताटाकडे बघत होते. "मग म्हणालो... या. मी परत कधी जा म्हणणार नाही."

"मग?"

"मग 'हं' ऐकू आलं."

मी हसले. हो, हसले. "हात दाखवून अवलक्षण," म्हटलं, "आणि तेसुद्धा साठ माणसांसमोर!" त्यांनी ताट ठेवलं आणि गेले.

कायम झाल्याचं पत्र आलं. भावोजींनी ते कपाटात कपांशेजारी लावलं नाही. आठवडाभर पाकीट उघडलंसुद्धा नाही. हळूहळू माणूस वाळायला लागला. जूनमध्ये एकदा म्हणाले, "वहिनी, मी ते काम सोडतो."

"सोफा सोडून आणि काम सोडून जाणार कुठे?"

पण त्यांनी अर्ज लिहवून घेतला आणि सेक्रेटरींच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. फक्त सही करायची बाकी होती. पेन कागदाला टेकवणार...

...कोपराखाली बोटं आली.

हात कागदावरून उठला. सरळ वर गेला. मनगट पुढे झुकलं. आणि तिथेच राहिला.

"काय हो, काही विचारायचंय?" सेक्रेटरी म्हणाले.

बोलता येईना. हात खाली येईना. त्यांनी पेन डाव्या हातात घेऊन बघितलं, तर डावा हात पेनासकट पाठीमागे गेला आणि कमरेला चिकटून बसला. तसेच उभे, एक हात वर, एक मागे. शिपाई तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाला. सेक्रेटरींनी कंटाळून अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला, तेव्हा कुठे दोन्ही हात सुटले.

तीनदा गेले. तीनदा हेच.

"मग जाणंच बंद करा," मी म्हटलं. "घरी बसा. कोण ओढून नेतंय?"

"सव्वादोनला हात उठतो, वहिनी. घरी असलो तरी."

मला राग आला. खरं सांगते, भीती नाही वाटली, राग आला. एवढा चाळीस ओलांडलेला माणूस आणि असली नाटकं! एका संध्याकाळी पाच वाजता मी सरळ हॉलवर गेले. म्हटलं, बघतेच आता.

दारातच एक आई भेटली. मला ओळखून म्हणाली, "तुमचे दीर काय छान शिकवतात हो! लांबून फेकाफेकी सगळी बंद केली. एकेकीच्या मागे उभे राहतात. माझी मुलगी घरी येऊन सांगते, सर ओरडत नाहीत, नुसती दोन बोटं धरतात."

मी आत गेले.

भावोजी दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही हात काखेत घट्ट दाबलेले. नजर जमिनीवर. मी आले तरी वर बघितलं नाही.

पलीकडे रिंगखाली मुलींची रांग होती. कुणी बोलत नव्हतं. एकेक पुढे यायची, डावा हात मागे न्यायची, बॉल बोटांवर तोलायची. टाकायची. हात वर ठेवायची. बॉल पडला की बाजूला व्हायची.

शेवटून दुसरी एक लहानशी होती, दोन वेण्यांची. तिचं कोपर बाहेर जात होतं. तिथूनही मला ते दिसत होतं.

मग ते आत आलं.

आणि ती मुलगी रिंगवरची नजर न काढता, अगदी सहज, मागच्या माणसाला म्हणाली,

"सर, आता सोडा ना. जमतंय मला."

तिच्या मागे कुणी नव्हतं.

भावोजी माझ्या शेजारी खुर्चीत होते. वीस पावलं लांब. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मुलीने बॉल टाकला. गेला. पडला. मग तिने हसत मागे वळून बघितलं... मागे बघितलं, मग बाजूला बघितलं, मग लांब दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलं. हसू तसंच राहिलं तिच्या चेहऱ्यावर, काढायचं राहून गेल्यासारखं. मग ती मुकाट्याने बाजूला झाली आणि तिच्यामागची मुलगी पुढे आली.

मी निघाले. भावोजींना एक शब्द बोलले नाही. आजही बोलत नाही. ते जेवताना एखादी जुनी फुशारकी मारायला लागले, तरी मी ऐकून घेते. टोमणा अगदी जिभेवर येतो, पण आपल्या मागे कुणीतरी आपल्यापेक्षा जास्त तुच्छतेने ऐकत उभं आहे असं वाटतं आणि घास घेते.

बाहेर पडताना ती आई पुन्हा भेटली होती. म्हणाली, "सरांना माझे आभार सांगा हं. विसरू नका. मुलीचा हात अगदी बसला."

सांगते म्हटलं. त्याला आता नऊ महिने झाले. भावोजींना सांगण्यात अर्थ नाही. आणि दुसऱ्या कुणाला सांगायचे तर दुपारी सव्वादोनला जावं लागेल, आतून कडी लावून.

अजून गेलेली नाही.